दोन निशाणांखाली बुडालेली युद्धनौका : ‘द्युगे-त्रुअँ’ ते ‘इम्प्लॅकेबल’

१/
२ डिसेंबर १९४९. एक जुनी लाकडी युद्धनौका इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरातून ओढत इंग्लिश खाडीत नेण्यात आली. तिच्यावर दोन निशाणे फडकत होती, एक ब्रिटिश नौदलाचे आणि दुसरे फ्रान्सचे. पोटात स्फोटके ठेवलेली होती. एकशे एकोणपन्नास वर्षे पाण्यावर राहिलेली ही नौका त्या दिवशी कोणत्याही शत्रूने नव्हे, तर तिच्या मालकांनीच बुडवली. हा धागा तिच्या सेवेचा आणि तिच्या शेवटाचा आहे.

२/
नौकेचा जन्म फ्रान्सचा. शारांत नदीकाठच्या रोशफोर येथील सरकारी गोदीतून २४ मार्च १८०० रोजी ती पाण्यात उतरली. नाव ठेवले ‘द्युगे-त्रुअँ’. सँ-मालो बंदराच्या रने द्युगे-त्रुअँ या दर्यावर्दीचे हे नाव. १७११ मध्ये पोर्तुगीजांचे रिओ दि जानेरो जिंकून त्याने मोठी खंडणी वसूल केली होती. फ्रेंच नौदलाने त्याची स्मृती अनेक नौकांच्या नावांतून जपली. आपली नायिका त्या मालिकेतली एक.

३/
ती ‘चौऱ्याहत्तर तोफांची’ नौका होती. खालच्या मजल्यावर ३६ पौंडी २८ तोफा, वरच्या मजल्यावर १८ पौंडी ३० आणि उघड्या डेकवर ८ पौंडी १६. इथे पौंड म्हणजे गोळ्याचे वजन. लांबी सुमारे ५६ मीटर, माणसे सातशेच्या आसपास. शंभर तोफांच्या अवजड नौका ताफ्याचा मान राखीत. पण वेग, मारा आणि खर्च यांचा मेळ बसे तो चौऱ्याहत्तर तोफांच्या नौकेत. म्हणूनच त्या काळातल्या आरमारांचा कणा हीच नौका होती.

४/
तिचा मूळ आराखडा झाक-नोएल साने यांचा. (आडनाव ओळखीचे वाटले तरी गृहस्थ ब्रेस्टचे.) साने यांनी चौऱ्याहत्तर तोफांच्या नौकेचा एक उत्तम नमुना सिद्ध केला आणि १७८२ पासून फ्रान्सने त्याच नमुन्यावर शंभरांहून अधिक नौका बांधल्या. त्यांना ‘तेमेरेर’ वर्ग म्हणतात. ‘द्युगे-त्रुअँ’ त्याच वर्गातली, आराखड्यात थोडे बदल करून बांधलेली. साने हे नाव लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे, आणि मुंबईच्या वाटेने येणार आहे.

५/
तिच्या सेवेचा पहिला मोठा अध्याय ट्राफल्गारचा नव्हे, कॅरिबियन समुद्रातला आहे. सॅं-डोमिंग, म्हणजे आजचे हैती, ही फ्रान्सची सर्वांत संपन्न वसाहत होती. तिथली साखर आणि कॉफी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर पिकत असे. १७९१ मध्ये हे गुलाम उठले. १७९४ मध्ये क्रांतिकारी फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली आणि तूसँ लूव्हेर्त्यूर या एकेकाळच्या गुलामाच्या हाती वसाहतीची सूत्रे आली.

६/
नेपोलियनला हे मान्य नव्हते. आपला मेहुणा जनरल लक्लेर याच्या हाताखाली त्याने तिकडे प्रचंड सैन्य धाडले. तूसँला कपटाने पकडून फ्रान्सला नेण्यात आले. मे १८०२ मध्ये फ्रान्सने वसाहतींत गुलामगिरी राखणारा कायदा केला आणि ही मोहीम कशासाठी आहे, हे सॅं-डोमिंगच्या लोकांना उमगले. त्यांनी प्राणपणाने युद्ध केले. पिवळ्या तापाने फ्रेंच सैन्य पोखरले गेले. स्वतः लक्लेरही त्या तापातच गेला.

७/
‘द्युगे-त्रुअँ’ या मोहिमेतली एक नौका होती. १८०३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटले आणि ब्रिटिशांनी सॅं-डोमिंगच्या बंदरांची नाकेबंदी केली. जुलैमध्ये ‘द्युगे-त्रुअँ’ आणि ‘द्युकेन’ या दोन नौकांनी ती फोडून निसटण्याचा प्रयत्न केला. ‘द्युकेन’ पकडली गेली. ‘द्युगे-त्रुअँ’ मात्र वेगाच्या बळावर हातावर तुरी देऊन निघाली, अटलांटिक ओलांडला आणि स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात शिरली.

८/
१ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. हा अध्याय मुद्दाम विस्ताराने सांगितला, कारण या नौकेवर जेव्हा जेव्हा लिहिले जाते तेव्हा सुरुवात बहुधा ट्राफल्गारपासून होते. गुलामगिरीच्या बाजूने झालेल्या मोहिमेचा ती भाग होती, ही गोष्ट अशा लेखनात एका ओळीत उरकली जाते. नौकेला पक्ष नसतो, हे खरे. पण तिची कोणती वर्षे आठवायची हे ठरवणाऱ्यांना तो असतो.

९/
यानंतर दोन वर्षे ती स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर अडकून पडली. ऑगस्ट १८०५ मध्ये ॲडमिरल व्हिलनव्हचा ताफा तिथे आला आणि ती त्यात सामील झाली. पुढचे सर्वपरिचित आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्राफल्गार भूशिराजवळ फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३ नौकांची गाठ नेल्सनच्या २७ नौकांशी पडली. ‘द्युगे-त्रुअँ’ ॲडमिरल द्युमान्वारच्या आघाडीच्या तुकडीत होती.

१०/
नेल्सनने शत्रूची रांग मधोमध तोडली. त्यामुळे आघाडीच्या नौकांसमोर शत्रूच उरला नाही. लढाई त्यांच्या मागे पेटली होती. परत फिरा, असे संकेत व्हिलनव्हने दिले. पण वारा इतका मंद होता की अवाढव्य नौका वळवण्यासाठी होड्या उतरवून त्या ओढाव्या लागल्या. त्या वळल्या तोवर निकाल लागत आला होता. द्युमान्वार चार नौकांसह, दुरून तोफा डागत, दक्षिणेकडे निघून गेला.

११/
हा पळपुटेपणा होता की विवेक? द्युमान्वारवर पुढे चौकशी बसली, तो निर्दोष सुटला. पण लोकमानसात डाग राहिला तो राहिलाच. शिडाच्या नौकांच्या युद्धात ‘इच्छा’ आणि ‘शक्यता’ यांच्यामध्ये वारा उभा असतो, हे किनाऱ्यावरच्या टीकाकाराला सहसा दिसत नाही. अर्थात, उशिरा पोहोचलेल्या चार ताज्या नौकांनी घायाळ ब्रिटिश नौकांवर तुटून पडायला हवे होते, असे म्हणणारेही तेव्हा होते आणि आजही आहेत.

१२/
सुटका अवघ्या दोन आठवड्यांची ठरली. द्युमान्वार ‘फॉर्मिदाब्ल’, ‘द्युगे-त्रुअँ’, ‘माँ-ब्लाँ’ आणि ‘सिपिओं’ या चार नौका घेऊन बिस्केच्या उपसागरातून रोशफोरकडे निघाला. त्याच पाण्यात सर रिचर्ड स्ट्रॅचन हा ब्रिटिश अधिकारी भलत्याच फ्रेंच ताफ्याच्या शोधात फिरत होता. समोर दिसलेल्या नौका त्याच ताफ्याच्या आहेत, असे समजून त्याने पाठलाग सुरू केला. हाती लागले ते ट्राफल्गारचे उर्वरित पाहुणे.

१३/
४ नोव्हेंबर १८०५ रोजी ऑर्तेगाल भूशिराजवळ गाठ पडली. ब्रिटिश फ्रिगेट, म्हणजे हलक्या वेगवान युद्धनौका, फ्रेंचांच्या पिछाडीला जळवांसारख्या चिकटून मारा करीत राहिल्या. मागून चार मोठ्या नौका आल्या. काही तासांत चारही फ्रेंच नौका शरण गेल्या. फ्रेंचांचे सुमारे साडेसातशे लोक मृत वा जखमी झाले. ब्रिटिशांचे २४ मृत, १११ जखमी. ‘द्युगे-त्रुअँ’चा कप्तान क्लोद तूफे आपल्याच डेकवर मारला गेला.

१४/
नौका प्लिमथला आणली गेली, दुरुस्त झाली आणि ‘इम्प्लॅकेबल’ या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झाली. अर्थ : कशानेही न शमणारी. शत्रूची नौका जिंकून आपल्या ताफ्यात घेणे ही तेव्हाची सर्रास रीत. ओक वाढायला पिढ्या लागतात आणि नौका बांधायला वर्षे. तयार नौका हाती आली तर ती सोडणार कोण? साने यांच्या नौकांची तर ब्रिटिशांना विशेष ओढ होती, कारण त्या चपळ होत्या.

१५/
ही चपळाई २६ ऑगस्ट १८०८ रोजी बाल्टिक समुद्रात कामी आली. रशिया तेव्हा नेपोलियनच्या बाजूला होता, स्वीडन ब्रिटनच्या. रशियन ताफ्याचा पाठलाग करताना ‘इम्प्लॅकेबल’ आणि ‘सेंटॉर’ या दोन ब्रिटिश नौका आपल्या स्वीडिश सोबत्यांना कितीतरी मागे टाकून पुढे गेल्या. कप्तान थॉमस बायम मार्टिनच्या ‘इम्प्लॅकेबल’ने रशियाची चौऱ्याहत्तर तोफांची ‘व्सेवोलोद’ गाठून निकामी केली. ती पुढे उथळ पाण्यात रुतली, ‘सेंटॉर’ने ताब्यात घेतली आणि अखेर जाळून टाकण्यात आली.

१६/
म्हणजे रोशफोरच्या सुतारांनी घडवलेली नौका फ्रान्सच्याच मित्राविरुद्ध लढली आणि जिंकली. १८४० मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावरच्या मोहिमेत तिने शेवटचे युद्ध पाहिले. तोवर वाफेची इंजिने समुद्रावर आली होती. १८५५ मध्ये डेव्हनपोर्ट येथे ती नौदलात भरती होणाऱ्या मुलांची शाळा झाली. जिथे तोफा होत्या तिथे वर्ग भरू लागले. नौका टिकली ती या शाळेमुळे. तिच्या बहुतेक बहिणी एव्हाना जळणाच्या वखारीत पोहोचल्या होत्या.

१७/
विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेचीही गरज संपली. १९०८ मध्ये नौका मोडीत जाणार, असे ठरल्यावर राजा सातवा एडवर्ड याने मध्यस्थी केली. १९१२ मध्ये ती जेफ्री व्हीटली कॉब या धनिक हौशी गृहस्थाच्या हवाली झाली. जुन्या नौकांवर मुलांना दर्यावर्दीपण शिकवायचे, हा कॉबचा ध्यास. त्याच्यापाशी आधीच आणखी एक लाकडी युद्धनौका होती. आणि इथे ही कथा मुंबईला येऊन मिळते.

१८/
त्या दुसऱ्या नौकेचे मूळ नाव ‘ट्रिंकोमली’. ती जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात घडली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. नेपोलियनच्या युद्धांनी इंग्लंडच्या ओकचा तुटवडा केला होता, म्हणून काम मुंबईकडे आले. कॉबने १८९७ मध्ये ती भंगारवाल्याकडून विकत घेतली. त्याची आधीची नौका, नेल्सनची ‘फुद्रोयां’, त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली होती. तिचेच नाव त्याने ‘ट्रिंकोमली’ला दिले.

१९/
आता साने पुन्हा येतात. ‘ट्रिंकोमली’ ज्या ब्रिटिश ‘लीडा’ वर्गाची, त्याचा नमुना १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतला होता. आणि ‘एबे’चे रचनाकार होते झाक-नोएल साने. ‘ट्रिंकोमली’च्या आराखड्याची पहिली प्रत मुंबईला पोहोचलीच नाही. १८१२ मध्ये ती घेऊन येणारी ‘जावा’ ही नौका ब्राझीलजवळ अमेरिकनांच्या तोफांना बळी पडली. दुसरी प्रत धाडावी लागली. ही ‘जावा’देखील मूळची फ्रेंच, पकडून आणलेली.

२०/
१९३२ पासून या दोन नौका पोर्ट्समथ बंदरात शेजारी-शेजारी नांगरल्या होत्या. एकाच फ्रेंच रचनाकाराच्या कल्पनेतून निघालेल्या : एक रोशफोरच्या ओकची, एक मुंबईच्या गोदीतल्या सागवानाची. १९४३ मध्ये दोघींना मिळून ‘फुद्रोयां’ हे एकच नाव मिळाले. त्याच बंदरात, कोरड्या गोदीत, नेल्सनची ‘व्हिक्टरी’ उभी होती. ट्राफल्गारला लढलेल्या नौकांपैकी तेव्हा दोनच उरल्या होत्या, ‘व्हिक्टरी’ आणि ‘इम्प्लॅकेबल’. जेती आणि जित, एकाच पाण्याच्या काठी.

२१/
दुसऱ्या महायुद्धात ‘इम्प्लॅकेबल’ साठवणीची नौका म्हणून वापरली गेली. डागडुजीला ना माणसे होती, ना लाकूड. १९४७ मध्ये नौदलाने हात झटकले. दुरुस्तीचा अंदाजी खर्च लाखांहून अधिक पौंडांचा होता. ब्रिटन युद्ध जिंकून कंगाल झाला होता. शिधापत्रिका चालू होत्या, बाँबहल्ल्यांत पडलेली घरे उभी करायची होती. फ्रान्सला विचारले, ‘तुमची नौका परत घेता का?’ फ्रान्सनेही नकार दिला. त्याच्यापुढेही तोच हिशेब होता.

२२/
ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाचे संचालक फ्रँक कार यांनी ती वाचवण्याची धडपड केली. तिला ग्रिनिचला कोरड्या गोदीत ठेवण्याची कल्पनाही मांडली गेली. पैसा उभा राहिला नाही. नाळेवरची लाकडी मूर्ती आणि पिछाडीचा नक्षीदार सज्जा तेवढा काढून संग्रहालयात नेला. बाकीची नौका २ डिसेंबरला समुद्रात. स्फोट झाला, तळ फुटला, पण वरचा सांगाडा बराच वेळ बुडेना. नाव सार्थ झाले, असे कोणाला वाटले असेल तर नवल नाही.

२३/
यात खलनायक शोधणे सोपे आहे. पण मला ते प्रामाणिक वाटत नाही. बेघर कुटुंबाला छप्पर द्यायचे की दीडशे वर्षांच्या ओकला, या प्रश्नाचे उत्तर १९४९ मध्ये देणाऱ्याला आपण आज सहज दोष देऊ शकतो. अडचण दुसरीच होती. ‘इम्प्लॅकेबल’ साडेपाच वर्षे फ्रेंच होती आणि एकशे चव्वेचाळीस वर्षे ब्रिटिश. ब्रिटनच्या लेखी ती शत्रूकडून मिळवलेली नौका, फ्रान्सच्या लेखी पराभवाची खूण. दोघांची असलेली नौका ऐनवेळी कोणाचीच उरली नाही. दोन निशाणे लावून तिला निरोप देणे दोघांनाही परवडले. ती ठेवून घेणे परवडले नाही.

२४/
आणि ‘ट्रिंकोमली’? ती वाचली. सागवान ओकपेक्षा कमी कुजते, हे एक कारण. आकाराने लहान, म्हणून खर्च कमी, हे दुसरे. पण सर्वांत मोठे कारण हे की १९८६ पर्यंत तिच्यावर मुले शिकत होती, म्हणजे तिला काम होते. १९८७ मध्ये ती हार्टलपूलला नेली, मूळ नाव परत दिले, २००१ पर्यंत जीर्णोद्धार पूर्ण झाला. मुंबईच्या गोदीत घडलेली ती नौका आज तिथल्या संग्रहालयात पाण्यावर उभी आहे.

२५/
‘इम्प्लॅकेबल’च्या मरणाने ब्रिटनला एक धडा मिळाला. कार यांनी पुढे ‘कटी सार्क’ या जहाजासाठी लढा दिला आणि जिंकला. १९५४ पासून ते ग्रिनिचच्या कोरड्या गोदीत आहे. ऐतिहासिक नौका जपण्यासाठी पुढे स्थापन झालेल्या जागतिक संस्थेने ‘इम्प्लॅकेबल : पुन्हा कधीही नाही’ अशा आशयाचे घोषवाक्यच घेतले.

२६/
मुंबईकरांना हा सगळा प्रसंग परका वाटू नये. ‘विक्रांत’ही मूळची ब्रिटिश, ‘हर्क्युलीस’ नावाने बांधायला घेतलेली. १९७१ च्या युद्धात ती लढली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे संग्रहालय म्हणून मुंबईत उभी राहिली आणि २०१४ मध्ये लिलावात विकली जाऊन दारूखान्यात तोडली गेली. तिथेही खर्च मोठा होता, धोका खरा होता, आणि जबाबदारी नेमकी कोणाची हे अखेरपर्यंत ठरले नाही.

२७/
नौका ही वास्तूसारखी नसते. किल्ला दुर्लक्षित राहिला तरी शंभर वर्षे भग्नावस्थेत उभा राहतो आणि पुढच्या पिढीला चूक सुधारण्याची संधी देतो. नौका ही संधी देत नाही. तिची काळजी दरवर्षी घ्यावी लागते, आणि ज्या वर्षी घेतली नाही त्या वर्षी तिचे मरण सुरू होते. म्हणून वारसा जपायचा असेल तर निर्णय निरोपाच्या दिवशी करून चालत नाही. नौका निवृत्त होते त्याच दिवशी तिला पुढचे काम नेमून द्यावे लागते. ‘ट्रिंकोमली’ला ते मिळाले. ‘इम्प्लॅकेबल’ला मिळाले ते दोन निशाणांचे वंदन.

(धागा समाप्त)